आईच्या खांद्यावरचा हात

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बायपास बुधवारी मुंबईत ठरलं होतं. शनिवारी त्यांनी मला माणगावला नेलं, कॉम्प्युटर घ्यायला! मी मनात ऑपरेशनचे दिवस मोजतेय, आणि यांचं आपलं काउंटरवर रेलून चाललेलं. "लॅपटॉप नको गं मैथिली, मोठा स्क्रीन हवा." मग दुकानदाराला, "रोजचं लिहिणं-बिहिणं होईलच हो, पण फोटोतला एखादा नको असलेला हात काढता येतो का यात?"

"अख्खा माणूस काढा की, काका!"

हात कुणाचा ते मला ठाऊक होतं. वादळाच्या वर्षी आई अचानक गेली, तेव्हा तिचा एकटीचा फोटोच सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोमधून कापून घेतला. तोच अजून भिंतीवर आहे, वर चंदनाचा हार आणि खांद्यावर मावशीचा अर्धा हात.

दादा शाळेत चित्रकला शिकवायचे. रविवारी त्यांनी मोबाइलवर त्या फोटोचा हारासकट फोटो काढला आणि दिवसभर नव्या डेस्कटॉपसमोर बसले. मध्येच गुणगुणतसुद्धा होते. चला, ऑपरेशनची धास्ती तरी विसरले, असं मला वाटलं. संध्याकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी स्क्रीनकडे पाहिलं. मावशीचा हात खरंच गेला होता.


त्या जागी दादांचा हात होता, शेजारी दादा होते, आणि चंदनाचा हार ओढून दोघांना पुरेल एवढा रुंद केलेला होता.