हैबतीची गाठ

समोरच्या कड्यावर आज पुन्हा आठ रंगीत हेल्मेटं चढत होती आणि वर दोर धरून त्यांना चढवणारा हैबती उभा होता. मला ते बघवेना. मी लोकांना नेतो तो कडा त्याच्या कड्यापेक्षा उंच, पण मार्गशीर्षापासून चैत्र सरेपर्यंत बंद. गिधाडं घरटी करतात म्हणून गावाने ठरवलेलं. पायथ्याची पाटी मीच लिहिली होती. त्यातला ‘धा’ जरा वाकडा आला आहे.

तेवढ्यात पुण्याची चौघं आली. “बाबा, तासाभरात दोराने उतरू. कुणाला कळणार?”

खरं सांगतो, मी दोर उचलला. त्यांना घेऊन मागच्या पायवाटेने माथ्यावर गेलो आणि पोटावर पडून खाली डोकावलो. दहा हातांवर कपारीत मादी बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जरा सरकली, तेव्हा पोटाखालचं एकुलतं अंडं दिसलं. पण ती उडाली नाही. दोर खाली सोडला असता तर उडाली असती.

मी दोर गुंडाळला. “हैबतीकडे जा.”

त्यांच्यातली मुलगी हसली. “मागच्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, हैबतीची गाठ सुटते!”

दहा वर्षं येईल त्याला मी हेच सांगत आलो होतो.

“नाही सुटत,” मी म्हणालो. “मीच शिकवलीय त्याला.”

ती चौघं उतरायला लागली. माझ्याने राहवलं नाही. मी वरून ओरडलो, “पण चहा त्याच्याकडे घेऊ नका! पाणचट असतो!”