जावयांची सही
घरमालकानं आईला नरपडची खोली सोडायला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. मी मस्कतला नर्स. एकट्या बाईला डहाणूतल्या फ्लॅटसाठी कर्ज द्यायला दोन बँका नाही म्हणाल्या, तिसरी कशीबशी तयार झाली. चौकशीला बँकेचा माणूस येईल, त्याला खरं सांग, असं आईला बजावलं होतं. पण घर दाखवायला शेजारीणही त्याच्यासोबत आली. तिच्यासाठीच तर आई मला दर सुट्टीत स्टेशनातच खोटं मंगळसूत्र घालायला लावायची. मी व्हिडिओ कॉलवर बघत होते. “मुलगी तिकडे एकटीच असते?” त्यानं विचारलं. आईनं शेजारणीकडे पाहिलं. “एकटी कशी? जावई आहेत ना.” “अर्जात तर अविवाहित लिहिलंय.” “आई!” मी ओरडले. तिनं फोन पालथा ठेवला. अंधारातून आवाज आला, “मग जावयांचीही सही लागेल, मावशी.” “देतील की! माझा शब्द कधीच मोडत नाहीत ते.”