उईके सरांनी दिलेली नावं

१९९७ साली वर्ध्यातल्या आमच्या क्लासमध्ये एकच कॉम्प्युटर होता, म्हणून उईके सर प्रोग्राम वहीवरच लिहायला लावत. नक्कल पकडता यावी म्हणून मोजणी ठेवणाऱ्या काउंटरला ते प्रत्येकाच्या गावाचं नाव देत. हेमराजचा काउंटर वडनेर, माझा केळझर.

"हे नाव तुलेच दिलं, सपना. दुसऱ्या कोणाले देणार नाई," सर म्हणाले होते.

सर २००३ मध्ये गेले.

२००८ मध्ये मी सिंदी मेघे या गावातल्या माझ्या सासरच्या घरी संशोधन करत होते. प्रोग्रामची पुढची ओळ आपणहून सुचवणारी प्रणाली बनवायची होती, आणि तिला मी फक्त परदेशी प्रोग्राम शिकवले होते. एका दुपारी कोरी फाइल उघडली, तर तिनं पहिलीच ओळ सुचवली. एक काउंटर, नाव केळझर.

शिकवलेल्या चाळीस हजार फाइली मी शोधून पाहिल्या. तो शब्द एकीतही नव्हता.

भ्यायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले. ओळ तशीच ठेवून मी हात जोडले. "सर, तुमच्या त्या वहीमुळेच इथवर आले."

खाली दुसरी ओळ उमटली. आणखी एक काउंटर, किंमत शून्य, नाव सिंदी मेघे.

सरांनी एकाला कधी दोन नावं दिली नव्हती, आणि घरात मी एकटीच होते. सकाळी दवाखान्यात कळलेली गोष्ट मी अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

माझा हात आपसूक पोटावर गेला. प्रोग्राम मी चालवलाच नव्हता, तरी शून्याचा एक झाला.