फ्रिजवरचा कागद

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सहा तासांच्या आत दुसरा डोस नाही." म्हणून छकुलीच्या आईनं औषधाच्या नोंदीसाठी फ्रिजवर कागद चिकटवला. नवरा दूर बोटीवर, शेजार नवा. दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी तर ती रिकाम्या घरालाच म्हणाली होती, "कुणीतरी तासभर हिला बघा हो!"

सकाळी आठ. ताप एकशे दोन. पाच मिली.

बरोबर दोनला ती बाटली हलवत खोलीत आली, तर छकुलीनं तोंड फिरवलं.

"आत्ताच घेतलं की! कितीदा पाजाल दोघी?"

"कुणी पाजलं गं, लबाडे?"

"त्या मावशीनं. ती तुझ्यासारखं नाक नाही दाबत."

उशाशी औषध मोजायचं झाकण ओलं होतं. घराच्या दाराची कडी आतून लागलेली होती. लेकीचं कपाळ मात्र खरंच निवलं होतं.

ती फ्रिजकडे धावली. तिच्या ओळीखाली नेटक्या, अनोळखी अक्षरात लिहिलं होतं:

दुपारी दोन. ताप शंभर. पाच मिली.

आणि त्याखाली, अजून न झालेल्या वेळेची नोंद:

रात्री आठ. ताप नाही. आईला उठवू नये.

वाचता वाचताच तिच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली.