एर्नाकुलमची मॅच

वाहिद एर्नाकुलमहून दारव्ह्याला परतला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीची काजळी त्याच्या कानामागे बसली होती. त्याची आई हुस्नाबी दारातच उभी होती. त्याच्या मागून आणखी कोणी येतंय का, हे तिनं आधी पाहिलं.

"भेटला?"

"पाह्यलं त्याले."

"भेटला का, म्हून विचारलं मी."

वाहिद ओसरीवर टेकला. त्यानं पायातल्या चपला काढल्या नाहीत.

रहेमान तिचा थोरला. सात वर्षांपूर्वी मामाबरोबर कराचीला गेला आणि तिकडचाच झाला. आता तो पाकिस्तानच्या फुटबॉल संघातून या देशात आला होता. एशिया कपची ही दुसरी खेप. पहिला कप तीन वर्षांपूर्वी हाँगकाँगला झाला, तो कोरियानं नेला. दुसरा पुढच्या साली कोरियातच व्हायचा होता. तिथं जायला भारत, पाकिस्तान, इराण आणि इस्रायल या चौघांतून एकच संघ निघायचा होता, आणि त्या मॅचेस एर्नाकुलमला ठेवल्या होत्या. रहेमाननं पत्रात लिहिलं होतं, व्हिसा तेवढ्याच गावापुरता आहे, घरी येता येणार नाही, तुमच्यापैकी कोणाला जमलं तर या. हुस्नाबीच्या गुडघ्यांना एवढा लांबचा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून धाकटा गेला.

"त्यायच्या हॉटेलच्या फाटकावर पोलिस होते," वाहिद म्हणाला. "जो भेटाले जाय त्याचं नाव, गाव, नोकरी लिहून घेत होते. मी दोन चकरा मारल्या. मंग तिकीट काढून मॅचले जाऊन बसलो."

"कसा दिसते?"

"अब्बासारखा. चाल बी तशीच. केस पातळ झाले समोरचे."

हुस्नाबीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अन् खेळला कसा?"

"चांगला खेळला. दोन खेपा त्यानंच आपला गोल वाचवला." वाहिद थांबला. "म्हंजे त्यायचा."

"मंग?"

"मंग आपल्या एका गड्याच्या धक्क्यानं तो पडला. मी बसलो होतो तिथून दहा हातावर. गुडघा फुटला त्याचा. रगत निघालं. लोकं हसून राह्यले होते. त्यायची बोली मले समजत नाही अम्मा, पन हसनं समजते. मी उभा झालो. सारे बसले होते, मी एकटाच उभा."

"त्यानं पाह्यलं तुले?"

"पाह्यलं. वळखलं बी. हात उचलला त्यानं." वाहिद आता जमिनीकडे पाहत बोलत होता. "बाजूच्या मानसानं मोडक्या हिंदीत विचारलं, पहचान का है क्या? मी नाही म्हनलं. अन् खाली बसलो."

"त्याच्या समोर?"

"त्याच्या समोर."

हुस्नाबीनं त्याच्या तोंडात मारली. तीस वर्षांचा पोरगा, पण त्यानं गाल बाजूला केला नाही.

"कसाई बी जनावराच्या पाठीवर हात फिरवते," ती म्हणाली. "तुह्या सख्ख्या भावाचं रगत निघालं होतं."

बाहेर कोणी तरी सायकल भिंतीला टेकवली. ठाण्यातला शिपाई मारोतराव आत आला. एरवी तो आला की खाटेवर बसून चहा मागे. आज तो उभाच राहिला. त्याच्या हातात एक कागद होता.

"मावशी, वरून चौकशी आली आहे. पाकिस्तानच्या टीममंधी दारव्ह्याचा एक गडी आहे म्हनतेत. रहेमान नावाचा. तो तुमचा कोनी लागते का, तेवढं लिहून न्यायचं आहे."

"तुले माहीत नाही का, मारोत?" हुस्नाबीनं विचारलं.

"मी त्याच्या संगं खेळलो आहे, मावशी. त्या तळ्याजवळच्या पटांगनात. पन कागदाले ते नाही लागत." मारोतरावानं आवाज खाली आणला. "वाहिद एस.टी.त फिटर आहे. लागते असं लिहिलं, तर नोकरी आधी थांबवतीन अन् चौकशी मंग करतीन. तुमी जे सांगसान ते मी लिहितो. जे सांगसान तेच."

वाहिद उठून उभा राहिला. त्याच्या गालावर आईची चार बोटं उमटली होती.

"लिहा," तो म्हणाला. "माहा मोठा भाऊ..."

"तू गप राय." हुस्नाबी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मारोत, मले एकच पोरगा. हा."

"अम्मा."

"एकच, म्हनलं न मी. लिही."

मारोतरावानं कागद कोनाड्यात ठेवून लिहिलं. लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं खिशातून शाईची डबी काढली, उघडली आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

हुस्नाबीनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. नख पांढरं पडेपर्यंत ती दाबत राहिली. मगही तिनं अंगठा उचलला नाही.

"बस, मावशी," मारोतराव हळू म्हणाला. "उमटला."