जरा मंद उजेडाची

"ही पण नको," म्हणत तिने टॉर्च काउंटरवर ठेवली. परत आणलेली ही तिसरी. पहिलीचा उजेड भिंतभर पसरायचा, दुसरीचा डोळ्यांत घुसायचा, आणि ही म्हणे खोलीत सकाळच करून टाकते.

दुकानदार वैतागला. "ताई, लोक जास्त उजेडाची मागतात. तुम्हाला नक्की बघायचंय तरी काय?"

ती बटण दाबत राहिली. चालू. बंद. चालू.

"बाबांची छाती," ती म्हणाली. "दवाखान्यातून घरी आणल्यापासून रात्री उठून बघते. हलताना दिसली की झालं. पण त्यांची झोप मोडायला नको."

दुकानदाराने सगळ्यांत मंद टॉर्च काढली. तिने हात काउंटरखाली धरून तळव्यावर उजेड पाडून पाहिला. मग ती घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात एक आजोबा काठी टेकत आले. स्टुलावर बसून त्यांनी दम खाल्ला आणि तीच टॉर्च पुढे केली.

"पोरगी कामावरून यायच्या आत बदलून द्या. हिच्या उजेडात तिला धड दिसत नाही, मग किती वेळ वाकून उभी राहते. मला खोटंखोटं घोरावं लागतं, तेव्हा कुठे झोपायला जाते."

"मग कशी देऊ, आजोबा?"

"दिसायला अशीच, पण चांगली लखलखीत द्या. डोळे मिटून पडायचं माझ्याकडे लागलं."