रेघ नसलेले दोन ठिपके

“या दोघांच्या मधे रेघ कुठाय?” साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

नकाशेवाल्याने मान पुढे करून पाहिलं. चार देशांत विखुरलेली चाळीस माणसं मिळून एक सॉफ्टवेअर लिहीत होती, आणि त्यांच्यात कोण कोणाशी किती बोलतं याचा नकाशा दरवर्षी काढणं हे त्याचं काम. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. दोघांनी ऑफिसच्या यंत्रणेवरून एकमेकांना निरोप धाडले की मधे रेघ. निरोप जास्त, तर रेघ जाड. एवढं साधं होतं ते, आणि एवढंच घातकही.

“नाहीये, साहेब,” तो म्हणाला. “अकरा महिन्यांत एकही निरोप नाही.”

“एकाच भागावर काम करतात ना हे?”

“हो. ती इथे, खालच्या मजल्यावर. तो समुद्रापलीकडच्या ऑफिसात. दाढीवाला म्हणतात त्याला सगळे.”

“म्हणजे भांडण! आणि तेही मी पगार देतोय त्या वेळेत!” साहेबांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. “दोघांतलं एक घालवा. दाढीवाला जुना आहे. बाईंना नोटीस द्या.”

झालं! मागच्या वर्षीही हेच. कोपऱ्यात एकटा पडलेला एक ठिपका साहेबांच्या नजरेस पडला आणि महिनाभरात तो माणूस घरी बसला. मागाहून कळलं, बिचाऱ्याची बायको दवाखान्यात होती, बोलणार कोणाशी आणि कधी? तेव्हापासून नकाशेवाल्याच्या जिवाला चैन नव्हतं. आपण संगणकावर ठिपके काढतो आणि कोणाच्या तरी घरची चूल विझते, हे त्याला घास गिळतानाही आठवायचं.

“संध्याकाळपर्यंत थांबा, साहेब,” तो म्हणाला आणि जिना उतरून तडक तिच्या टेबलाशी गेला.

“काय म्हणतो यंदाचा नकाशा?” तिने हसून विचारलं.

“दाढीवाल्याशी तुमचं काही वाजलंय का?”

तिचे हात कीबोर्डवर थांबले. “छे! मी कशाला भांडू? बोलण्यासारखं काही नसतं, एवढंच.”

“अहो, पण काम एकच आहे ना तुमचं!”

“अडलंय का कुठे?”

अडलं नव्हतं, हीच तर गंमत होती. तिने लिहिलेला भाग आणि त्याने लिहिलेला भाग डब्याला झाकण बसावं तसे बसत. रोज तासतास बोलणाऱ्यांचं काम चार वेळा उसवायचं, यांचं एकदाही नाही.

“तुमची नोकरी जातेय, बाई,” त्याने सांगूनच टाकलं.

तिने झटकन मान वर केली. “नोकरी? तीन वर्षांपूर्वी त्या दोन अबोल माणसांना तर तुम्ही एका ऑफिसात आणून बसवलंत!”

“मी सुचवलं, साहेबांनी ऐकलं. दर वेळी ऐकतील असं नाही.”

“मग पुन्हा सुचवा ना.” ती खुर्चीतून उठली. “एवढं करा माझ्यासाठी.”

“घरी कोण असतं तुमच्या?”

“एकटीच असते. मुलगी आहे पाच वर्षांची. ती तिच्या बाबांकडे.”

नकाशेवाल्याने जीभ चावली. कशाला नको त्या चौकश्या केल्या, असं झालं त्याला.

संध्याकाळी साहेब भडकलेच. “बदली? दोन वर्षांत एकाचीही बदली मंजूर केली नाही मी! अर्जांचा ढीग पडलाय. आणि अबोला धरणाऱ्या बाईला बक्षीस देऊ?”

“बक्षीस कसलं, साहेब? शिक्षाच ती! ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्या शेजारी रोज आठ तास बसायचं.” नकाशेवाल्याला स्वतःचंच नवल वाटलं, एवढ्या धिटाईने तो कधी बोललाच नव्हता. “आणि न बोलता इतकं चोख काम करतात, तर बोलायला लागल्यावर काय करतील, विचार करा!”

साहेब खो खो हसले. “बसवा शेजारी-शेजारी. दोन वर्षं! बघू कसे बोलत नाहीत ते.”

नकाशेवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. या खेपेला ठिपका वाचला होता! जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत तो खाली धावला.

“नोकरी वाचली!” तो धापा टाकत म्हणाला. “पण तिकडे जावं लागेल. त्याच्या शेजारचं टेबल, दोन वर्षं. माफ करा, याहून जास्त काही जमलं नाही.”

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे गदगदत होते.

“रडू नका हो. माणूस इतका काही वाईट नसेल.”

“जाईन मी,” ती कशीबशी म्हणाली. “खरंच जाईन.”

त्याला भडभडून आलं. तो तिच्यासाठी पाणी आणायला गेला. पेला घेऊन परतला तर ती खिडकीशी पाठमोरी उभी, कानाला स्वतःचा मोबाइल.

“अहो, उठा ना! जमलं आपलं!” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “अकरा महिने ऑफिसात तोंडाला कुलूप लावलं, त्याचं चीज झालं. तुमच्या शेजारचंच टेबल मिळालंय मला. आधी छकुलीला उठवा. सांगा तिला, आई येतेय.”